मास्तरांनी सगळं काम उरकलं तेव्हा

त्या शिंप्याच्या दुकानात दोघं भागीदार होते. कापड बेतून कापणारे ते मास्तर आणि शिवणारा तो बॉबिन. बुटका, गोल आणि दिवसभर गरगरणारा म्हणून हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं; पुढे बॉबिनची बायकोही चिडली की त्याच नावाने हाक मारू लागली. मास्तरांची कात्री सरळ आणि वायदे वाकडे. "गुरुवारी या," असं ते इतक्या शांतपणे सांगत, की कुठल्या गुरुवारी, हे विचारायची कोणाची छाती होत नसे. कापलेलं कापड बॉबिनकडे सरकवताना एक टोमणा सोबत द्यायचा, हा तर कामाचाच भाग होता. "साहेबांची ढेरी आहे, पोतं नाही. जरा प्रेमाने शिव."

गेले काही महिने मास्तर गप्प गप्प असायचे. डबा उघडायचे, बघायचे आणि तसाच बंद करायचे. मग एका बुधवारी त्यांनी फळीवर साचलेलं सगळं कापड कापून टाकलं. गठ्ठे बांधून प्रत्येकावर गिऱ्हाइकाची चिठ्ठीही टाचली.

"काय रे मास्तर, लॉटरी लागली का तुला?"

"उद्या तुला बोंबलायला निमित्त नको."

मास्तर चक्क हसले. बॉबिनने घरी जाऊन बायकोला सांगितलं, गाडी रुळावर आली एकदाची. शिंप्याला उरकलेलं काम दिसलं, की पलीकडचं काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, की मास्तरांनी आत्महत्या केली.

सगळं आटोपल्यावर मास्तरांच्या मेहुण्याने बॉबिनला बाजूला घेतलं. "हार्ट अटॅक म्हणायचं. ताईला लोकांनी बोल लावायला नकोत."

बॉबिन हो म्हणाला. पण मेहुणा घरी बसून खोटं बोलणार होता. बॉबिनला ते दुकानात बसून, येईल त्याच्याशी बोलावं लागणार होतं. निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "तळलेलं बंद करायला हवं होतं." औषधवाल्याने मास्तरांबद्दल हळहळ करता करता बॉबिनचंच बीपी मोजलं. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "झोपेत गेले ना? मग नशीबवान." बॉबिन मान डोलवायचा आणि मशीन जोरात चालवायचा. जिवंतपणी तळणाला हात न लावणारे मास्तर मेल्यावर दोन आठवड्यांत चांगलेच तेलकट झाले. बॉबिनला आपल्या दोस्ताबद्दल बोलायचं होतं, आणि जो तो भलत्याच माणसाबद्दल बोलत होता.

अशातच एकटा राहणारा घड्याळवाला पँट न्यायला आला. चेहरा प्रसन्न.

"ज्याची घड्याळं त्याला देऊन टाकली बघ. दुकान रिकामं. सगळं उरकलं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू."

बॉबिनचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. तो उठला आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"काका, जीव द्यायचा विचार आहे का तुमचा?"

"काय?"

"सरळ सांगा. असेल तर मी तुम्हाला इथून हलू देणार नाही. मास्तरनेही असंच सगळं उरकलं होतं. हसत होता. अटॅकबिटॅक काही नव्हता, काका. त्याने जीव दिला."

घड्याळवाला स्टुलावर टेकला.

"अरे, मी बहिणीकडे चाललोय," तो म्हणाला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे."

"नक्की?"

"दोन्ही डोळ्यांचं. शटर वर कर बाबा, गुदमरायला होतंय."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. मेहुण्याने फोनवर बॉबिनचा उद्धार केला. त्यात दुकान, खानदान आणि अक्कल असं काहीच सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांची बायको दुकानात आली. बॉबिन उभाच राहिला.

"वहिनी, माझ्या तोंडून निघून गेलं."

"राहू द्या भाऊजी. घरात सगळे हार्टबद्दलच बोलतात. माझ्यासमोरसुद्धा. सगळ्यांना माहीत असून." त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. "त्या दिवशी इथे काय काय बोलले, ते मला सांगा."

बॉबिनने सांगितलं. कुठलं कापड आधी घेतलं, लॉटरीवरून काय बोलणं झालं, कुठे हसले. वहिनी मध्येच थांबवायच्या.

"आवाज कसा होता?"

"बरा होता."

"घरीही तसाच होता. जाताना काही म्हणाले?"

"पंखा बंद कर म्हणाला."

"बस?"

"बस. वहिनी, इतकी वर्षं हातभर अंतरावर बसत होतो. कोणाचा एक खांदा उतरलेला असला तरी मला दारातूनच दिसतो. तो हसला, आणि मी नुसता खूश झालो."

एक गिऱ्हाईक दारापर्यंत आलं, दोघांकडे बघून परत गेलं. बॉबिनचं सांगून संपलं. त्यात काहीच नव्हतं. कुठल्याही बुधवारी दोन शिंपी जे बोलतील, तेच.

वहिनींनी स्टूल मशीनजवळ ओढलं.

"परत सांगा. दुकान उघडलंत तिथपासून."

बॉबिनने दुकान उघडलं तिथपासून सुरुवात केली.