लाडू आणि मोहाचं तेल

बुलडॉगच्या तोंडाला मोहाचं तेल लावू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

लाडू आमच्या पोरीचा बुलडॉग. नोकरीसाठी नागपूरला जाताना ती त्याला सौंदडला आमच्याकडे ठेवून गेली. निघताना बजावलं, "बाबा, याच्या तोंडाच्या वळ्या रोज पुसा अन् मंग कोरड्या करा. जमत नसन तं सांगा, मैत्रिणीले देऊन टाकीन."

लाडू देऊन टाकायचा? माझा तर जीव जडला होता त्याच्यावर!

पुसायचं मी विसरलो नाही. कोरडं करायचं तेवढं राहून जायचं. (वाळतंच की आपोआप!) पण दिवस धानाच्या रोवणीचे, पावसाची झड लागलेली, दोरीवर बनियन वाळेना, तिथं लाडूच्या वळ्या काय वाळणार? तो चटईवर तोंड घासू लागला. वळ्या लाल दिसल्या. मग मी घरातल्या प्रत्येक दुखण्यावर करतो तोच उपाय केला. वळी उघडून स्वयंपाकातलं, मोहाच्या बियांचं तेल चोपडलं. सढळ हातानं!

थोड्याच दिवसांत घरात वास सुटला. बायको म्हणाली, "अजी, धानाच्या कोठीमागं उंदीर मेला वाटते!"

कोठी सरकवली. पोती अंगणात काढली. दिवाण उलटा केला. उंदीर नाही! शेजारचे काका नाक दाबून मदतीला आले.

"वास तं चालून राहिला ना बाप्पा! आता दारात होता, आता माह्या पायापाशी आला!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. काकांच्या पायाशी लाडू जीभ काढून बसला होता.

काकांच्याच ऑटोतून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वळी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तेल कायले लावलं जी? आतली ओल कोंडली, इन्फेक्शन झालं."

"शुद्ध होतं, साहेब!"

"कुत्रा होय हा, पुरी नाही!"

त्यांनी औषधानं पुसून, कोरड्या कापसानं टिपून दाखवलं आणि मलम दिलं. लाडू कण्हला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

बायकोनं पोरीला फोनवर सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात पोरगी आली. तिनं एकेक वळी उघडून पाहिली, हुंगली, शेपटीखालचीसुद्धा!

"लाडू इथंच राहीन," ती म्हणाली. मी हुश्श करणार, तोच पुढे म्हणाली, "पण हात आई लावन. बाबा, तुम्ही फक्त मलमाची डबी धरा."

तेव्हापासून रोज सकाळी मी डबी धरून उभा असतो. परवा मला बढती मिळाली. आता झाकणही मीच उघडतो!