वरचे दात आणि जाळ्याचा काठ

इसरूभाऊ दिघोरेंचा स्वभाव संशयी. वाईट नव्हे, संशयी. बाजारात बाया माशाचा कल्ला उघडून लाल आहे की काळपट ते बघतात, तसे ते माणसाचं प्रत्येक गोड बोलणं उघडून बघत. कुणी आपण होऊन चहा पाजला, तर पहिल्या घोटाआधीच त्यांच्या मनात यायचं, ‘याचं काम काय असंल?’

नागभीडच्या पलीकडे तलावाच्या काठी मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे. फेकजाळं फेकावं तर इसरूभाऊंनीच, असं तिथं म्हणत. अर्धं जाळं डाव्या खांद्यावर, अर्धं उजव्या हातात आणि मधला काठ दातांत धरायचा. कंबरेतून फिरून हात सुटला की त्याच क्षणी दात सुटले पाहिजेत. मग जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पडतं. दातांना जरा उशीर झाला, की त्याचं गाठोडं होतं.

पण हिरड्यांच्या दुखण्यानं वरचे दात गेले. कवळी आली, ती वर्षानुवर्षं ढिली बसत राहिली. एकदा जाळ्याबरोबर तीही तलावात गेली. पुतण्या मंगरूनं बुड्या मारल्या, पण सापडली नाही. तेव्हापासून डोंग्यात, त्या लहानशा होडीत, मंगरू उभा राहू लागला आणि इसरूभाऊ काठावर बसून फाटकी जाळी विणू लागले. ढिवराचं काठावर बसणं म्हणजे म्हातारं होणं. ते त्यांना सोसेना.

तशात गावात दातांचं शिबिर आलं. फुकट तपासणी, म्हणून इसरूभाऊ जायला तयारच नव्हते. बायकोनं, धुरपताबाईंनी, हाताला धरून नेलं. हिला एवढी घाई काऊन, असाही एक संशय त्यांनी वाटेत घेतला.

शिबिरातून त्यांना ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात बोलावलं. तिथल्या डॉक्टर माधवीताई, वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी जबड्याचा एक्स-रे फोटो दाखवला.

“भाऊ, वरच्या जबड्याचं हाड झिजून पापडासारखं झालंय. यात स्क्रू धरणार नाही. पण गालाचं हाड शाबूत आहे. लांब स्क्रू तिथपर्यंत न्यायचे आणि त्यावर दात पक्के बसवायचे.”

“डोळ्याखाली खिळा ठोकता का जी?”

“डोळ्याला सांभाळूनच करतात. नागपूरचे सर्जन येतात त्यासाठी. तरी धोका आहेच, तो सांगते.” आणि त्यांनी सूज, जंतू, नाकाशेजारच्या पोकळीचं दुखणं, सगळं सांगितलं.

‘एवढं सांगून राह्यली, म्हंजे लपवलं किती असंल,’ इसरूभाऊंना वाटलं. त्या काहीच बोलल्या नसत्या, तरी त्यांना हेच वाटलं असतं.

“खर्रा खाता?”

“नाई जी.”

“कधीमधी? तंबाखूनं जखम भरत नाही, म्हणून विचारते.”

“नाई म्हनलं ना!”

पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न. ही बाई माह्या तोंडात चोर शोधून राह्यली, असं ते परतीच्या बसमध्ये धुरपताबाईंना म्हणाले. मात्र त्यांच्याही मनात चोर होता. दात कशाला हवेत, असं विचारल्यावर त्यांनी “खाया” एवढंच सांगितलं होतं. जाळ्याचं नाव काढलं आणि बाईनं दातच नाकारले तर?

शस्त्रक्रिया झाली. गाल भोपळ्यासारखा सुजला आणि उतरला. त्या स्क्रूंवर तात्पुरते पण पक्के दात बसले. काही महिने मऊ खा, कडक काही चावू नका, अशी ताकीद मिळाली. इसरूभाऊंनी ती अक्षरशः पाळली. चणे सोडले, सुपारी सोडली. जाळं काही कुणी चावत नाही.

एका सकाळी, वस्ती जागी व्हायच्या आत, ते पाण्यात उतरले. काठ दातांत धरला, फिरले, सोडला. जाळं गोल पडलं! त्यांना हसू आवरेना. दुसऱ्यांदा फेकलं, तर दात सुटायला पापणीएवढा उशीर झाला. तोंडात ‘कट्’ झालं आणि गालात कळ गेली.

“भात खाता खाता तुटला,” ते दवाखान्यात म्हणाले.

माधवीताई बघतच राहिल्या. “भातानं? भाऊ, खरं सांगा. सुपारी की खर्रा?”

“पोट्टीची आन, नाई!”

त्यांनी तोंडात दिवा धरला, चिमटा आत घातला आणि दातांच्या फटीतून हिरव्या नायलॉनचा एक तुकडा ओढून काढला. तो सगळ्यांनी पाहिला. धुरपताबाईंनी कपाळाला हात लावला.

“जाळं! बुढ्यानं जाळं धरलं दातात!”

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इसरूभाऊ खुर्चीतून उठले, छातीवरचं कापड खांद्यावर टाकलं, त्याचा काठ दातांत धरल्याचं सोंग केलं आणि तिथंच गिरकी घेऊन दाखवली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

माधवीताई हसल्या नाहीत. “म्हणजे हिसका आडवा बसतो. हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही खर्राच विचारून राह्यल्या. जाळं कोनं विचारलं?”

माधवीताईंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. “चुकलं माझं,” म्हणाल्या. “स्क्रू अजून घट्ट आहेत, दात नवा बसवून देते. पण हे स्क्रू हलले, तर दुसरे रोवायला हाड नाही. मग मऊ भातच खायचा, जन्मभर. जाळं दातात धरू नका, भाऊ.”

इसरूभाऊंनी त्यांचा चेहरा बराच वेळ निरखला. खोट काही सापडेना, याचंच त्यांना वाईट वाटलं.

सिरोंच्याकडचा त्यांचा साडू जाळं कोपरावर तोलून फेकायचा, दात लावायचाच नाही. त्या फेकीला ते आयुष्यभर हसले होते. आता तीच शिकायला बसले. पहिल्या दिवशी जाळं केळीच्या पानासारखं लांबट पडलं.

“काका, जाळं फेकलं का चादर वाळू घातली?” मंगरू डोंग्यातून ओरडला.

“हास लेका! तू पन म्हातारा होशील.”

काठावर धुरपताबाई बसल्या होत्या. घरी एवढं काम पडलेलं असताना ही इथं काऊन, असं इसरूभाऊंच्या मनात आलंच.

“म्याडमनं पाठवलं का तुले? नजर ठेवाले?”

“हो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तोंडावर.”

या वेळी त्यांचा संशय खरा ठरला होता, पण त्यांना राग आला नाही. त्यांनी जाळं पुन्हा कोपरावर घेतलं आणि फिरले. जुन्या सवयीनं तोंड उघडलं, वरचे दात खालच्यांवर आपटले, मधे काहीच नव्हतं. जाळं पडलं, पूर्ण गोल नाही, पण उघडं पडलं. ते दोरी हळूहळू ओढू लागले.