नीलाताईंचं साधं लॉगिन

नीलाताई गेल्याचा फोन ठाकुर्लीहून त्यांच्या बहिणीने केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "अहो, शक्यच नाही, सोमवारी कामावर येणार आहेत त्या!" आजारालाही त्या दटावतील, अशी माझी खात्री होती... महिना झाला, ती खात्री अजून पुरती गेलेली नाही.

कोलशेतच्या कारखान्यात आम्ही दोघी संगणक विभागात. तिथे ‘रूट’ नावाचं सर्वाधिकारी खातं होतं. त्यातून काहीही करता येई, एका चुकीच्या आज्ञेने सगळं पुसताही येई. एकाने एकदा चुकून सगळं पुसलंच. तेव्हा ताई हट्टाला पेटल्या: मालाची चलनं (त्या कागदाशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही) छापणारा प्रोग्राम साध्या लॉगिनवरच चालवायचा, रूटचा पासवर्ड फक्त साहेबांकडे. महिनोन्‌महिने खपून त्यांनी ते जमवलं.

मग दसरा आला. नव्या महिन्याचं पहिलं चलन साहेबांनी मुद्दाम राखून ठेवलेलं. मॉनिटरला झेंडूचा हार घालून, कीबोर्डवर हळदकुंकू वाहून (कळांमधून आठवडाभर कुंकू निघत होतं!) त्यांनी स्वतःच रूटवरून ते चलन काढलं. दुसऱ्या दिवशी आमच्या लॉगिनवरून एकही निघेना. पडद्यावर एवढंच, परवानगी नाही. फाटकाशी भरलेले ट्रक हॉर्न वाजवत उभे.

"नीलाबाई, सगळ्यांना पासवर्ड देऊन टाकतो. किस्सा खतम!" साहेब म्हणाले.

"मग माझं सगळं काम पाण्यात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा, साहेब."

"ताई, सगळ्या फायली सगळ्यांना मोकळ्या करूया ना," मी म्हटलं.

"अगं, चावी सापडत नाही म्हणून दारच काढून ठेवतेस का?"

आणि त्या एकेक फाइल कुणाच्या मालकीची, ते तपासत बसल्या. मला त्या हट्टाचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा. शेवटी सापडलं. महिन्याची नोंदफाइल पहिल्या चलनासोबत तयार होते. ते काढलं रूटने, म्हणून फाइल रूटची. आम्हाला तिच्यात लिहिताच येईना. मालकी बदलायला साहेबांना बोलावलं. ते पासवर्ड टाइप करताना ताईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. तेवढी एकच फाइल आमच्या लॉगिनच्या नावावर केली, आणि सुट्टीच्या आत ट्रक सुटले.

परवाच्या दसऱ्याला त्यांच्या खुर्चीत कुणी बसेना. साहेबांनी हार घातला आणि म्हणाले, "शुभांगी, तुझ्या साध्या लॉगिनवरून पहिलं चलन तूच काढ." मी पासवर्ड टाइप केला... वर पाहिलं, तर साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते.