दुपारी चढणारं पाणी

"आता नको, बाई," एवढं म्हणून ते आपलं स्टूल भिंतीकडे फिरवायचे. मग समोर मालक असोत की लग्नपत्रिका छापून घ्यायला आलेले वधूपिता, सगळ्यांना त्यांची पाठच दिसायची. ओळींमध्ये घालायच्या पितळी पट्ट्या एकीला एक लावून सरळ केल्याचा बारीक आवाज तेवढा येत राही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग स्टूल पुन्हा फिरायचं आणि हात कामाला लागायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाशकातल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायची. ते आमचे खिळे जुळवणारे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळ रचायची, हे त्यांचं काम. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, विधवा बहिणीसोबत जुन्या नाशकात राहायचे. त्यांच्या कामात चूक काढायला मी टपलेली असायची. महिन्याकाठी एखादी सापडली तर मला सणासारखं वाटायचं.

पण त्यांचं मन कधी पालटेल याचा नेम नसे. छान काम चाललेलं असताना चेहरा एकदम आवळला जाई, डोळे भरून येत. छापखान्यात याला सरसकट 'झटका' म्हणत. मीही म्हणायची. तुमच्याही कचेरीत, आळीत असा एखादा माणूस असेल आणि त्याच्यासाठी असाच एक सोपा शब्द असेल.

एकदा मी धीर करून विचारलं, "होतं काय हो तुम्हाला?"

त्यांनी खिशातून लहानशी वही काढली. 'दुपारी दोन. रडू आलं.' त्याखाली दुसऱ्या शाईत, 'सकाळी नळावर भांडण.' पानंच्या पानं अशी भरलेली.

"नाशकात ऊन असतं आणि गोदेला पाणी चढतं की नाही?" ते म्हणाले. "पाऊस वर झालेला असतो, धरणाकडं. माझं तसं आहे. दुपारी चढतं, पण पडलेलं सकाळी असतं. कुठं पडलं ते सापडलं की उतरतं."

स्वतःला इतकं नीट तपासणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द मी फार पुढे वाचला आणि वाचता वाचता समोर चेहरा आला तो त्यांचा. तेव्हा मात्र आमच्यापाशी शब्द नव्हता आणि त्यांच्यापाशी वही होती.

खंडेनवमीला ते रजा घ्यायचे. यंत्रांची पूजा, घंटा, सगळ्यांचं एकदम बोलणं त्यांना सोसत नसे. त्या दिवशी सगळं सामान धुऊनपुसून लख्ख करायची आमच्याकडे रीत होती. एका वर्षी मी त्यांची खिळ्यांची पेटी पुसायला घेतली. पाहते तर खणांचा क्रम जगावेगळा. 'क' कुठे, 'ख' कुठे! मी बी.ए. झालेली, म्हणजे जगातलं सगळं कळणारी. म्हटलं, बिचाऱ्यांना इतकी वर्षं कोणी नीट लावून दिलेलं नाही. यंत्रावरच्या पांडूला मदतीला घेऊन दिवसभर खपून मी ती पेटी पुस्तकी क्रमाने लावली आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. त्यांना गंमत वाटेल म्हणून कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं.

दसऱ्यानंतर ते आले. फूल उचलून बाजूला ठेवलं आणि कागदावर नजर लावून जुळवू लागले. खणांकडे ते कधी पाहतच नसत, हात आपोआप जात. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हातातला मजकूर वाचला. एकही शब्द लागत नव्हता. पुन्हा जुळवला, पुन्हा तेच. मग ते कपाळावर हात मारून घेऊ लागले आणि मी उठेपर्यंत अख्खी पेटी खाली ओढली गेली. हजारो खिळे फरशीवर.

मालक ओरडले, "बास झालं! उद्यापासून येऊ नका!"

ते कान झाकून अनवाणीच निघून गेले. पांडू माझ्या कानाशी लागला, "गप ऱ्हा बाई, तुमचीबी जाईल." आणि मी गप्प राहिले. हे लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

तिसऱ्या दिवशी त्यांची बहीण दारात उभी. मूळची सिन्नरकडची, साधी बाई. "जेवत नाय हो तो. दिसभर वही चाळतो. म्हणतो, आक्का, माझ्या हातांना अक्षरं ओळखू येईनात, माझं डोकं गेलं. तिथं काय झालं व्हतं का, बाई?"

नोकरीचं दुःख राहिलं बाजूला, माणूस स्वतःवरचा भरवसाच घालवून बसला होता. मी तशीच तिच्याबरोबर निघाले. ते खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले होते.

"खण मी बदलले होते," मी म्हटलं. "तुमचे हात बरोबर होते. चूक माझी."

त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग वळले. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"अगदी ठीक."

"का बदलले?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी यावर नीट विचार केला. "मग विचारायचं होतं," ते म्हणाले आणि अक्कांकडे जेवण मागितलं.

तिथून मी थेट मालकांसमोर उभी राहिले. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग परवा तोंड शिवलं होतं काय?" पण त्यांना कामावर घेतलं. सांडलेले खिळे आम्ही दोघांनी आठ दिवस निवडले. ते खण दाखवायचे, मी टाकायची.

पुढे ऐंशीच्या दशकात नवी यंत्रं आली आणि खिळ्यांचं काम संपलं. ते अक्कांबरोबर सिन्नरला गेले. तिथेच वारले. मला कळलं ते महिन्याभराने, तेही पत्रिका छापायला आलेल्या कोणाकडून तरी.

त्यांची आठवण निघाली की मला ते आठ दिवस आठवतात. शेवटचा खण भरल्यावर मी विचारलं होतं, "माझ्यावर राग आहे का हो तुमचा?"

दुसरा कोणी 'छे छे' म्हणून मोकळा झाला असता. ते म्हणाले, "आत्ता कळत नाही. पाहावं लागेल."

एक दिवस गेला, दुसरा गेला. मी त्यांच्यामागून पाय न वाजवता ये-जा करायची. चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथवर कधी आले नव्हते.

"पाहिलं," ते म्हणाले. "नाही."

एवढं सांगून ते आपल्या जागेवर गेले. मी समोरचं मुद्रित बाजूला सारलं आणि रडले.