विणकराच्या बायकोची नोंद

नव्वदच्या दशकात मी मस्कतला, रुवीतल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. आमचे चीफ सर्व्हेअर स्कॉटलंडचे. साठीकडे झुकलेले, एकटे; देश सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती. त्यांच्या बहिणीने गावच्या चर्चमधल्या जुन्या दफनाच्या नोंदी मायक्रोफिल्मवरून कागदावर काढून पाठवल्या होत्या. अक्षर किरटं, शाई पसरलेली, आणि सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. पुसट ड्रॉइंग वाचायची मला सवय होती, म्हणून गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीआधीचं अर्ध्या दिवसाचं काम संपलं की ते मला थांबवून घेत. हमरियातल्या माझ्या खोलीवर जाऊन मला कपडेच धुवायचे असत. मी थांबायचो.

सरांचा एक पूर्वज विणकर होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की त्याची बायको एका हिवाळ्यात दोन मुलं टाकून कुणा शिपायाबरोबर पळून गेली. मुलं काकाने वाढवली. पुढे तिचं नाव कुणी घेतलं नाही. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र ते होतं, माहेरच्या आडनावासकट; तिकडे लग्नानंतरही बाईचं तेच आडनाव लिहीत.

"ती यात सापडणार नाही," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "नवरा कधी वारला, तेवढं बघायचंय."

मी वाचत गेलो. एका ओळीत एक माणूस. तान्ह्या मुलांना बहुधा नावच नसे. बापाचं नाव आणि पुढे 'याचं मूल' एवढंच. एका भिकारणीची नोंद नुसती 'गरीब बाई' अशी होती. सुरुवातीला मला कसंतरी व्हायचं. पुढे सवय झाली.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एका पानाच्या तळाशी ते आडनाव दिसलं. मी बाप्तिस्म्याचा कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

"सर, ही तीच आहे. विणकराची पत्नी, आणि तिचं तान्हं मूल. एकाच दिवशी पुरलंय."

"पुन्हा वाचा."

मी वाचलं. त्यांनी तारीख विचारली. तीही सांगितली. त्याच हिवाळ्यातली होती.

"म्हणजे ती पळाली नव्हती," मी म्हणालो. मला वाटलं, आपण चांगली बातमी दिली.

सर उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "मी लहानपणी घरात टिकत नसे. आजी ओरडायची, तू त्या बाईवर गेलास म्हणून. मला ते आवडायचं. त्या गावातून कुणीतरी एक माझ्याआधी बाहेर पडलं होतं, असं वाटायचं." मग टेबलाशी परत येऊन म्हणाले, "आणि ती कुठे गेलीच नव्हती. चर्चच्या मागेच होती."

"खलास," म्हणून त्यांनी फाइल मिटली.

बहिणीला फोनवर कळलं तेव्हा ती रडली. दुसऱ्या रविवारी तिने चर्चमागच्या दफनभूमीत फुलं नेऊन ठेवली. कबरीवर नावाचा दगड नव्हताच, तेव्हा भिंतीशी ठेवली. सरांनी मला हे सांगितलं. नवऱ्याचा मृत्यू शोधायचा राहिला, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. निवृत्त होण्याआधी त्यांनी माझ्याकडून ट्रेसिंग पेपरवर वंशवृक्ष काढून घेतला. तिचं नाव माहेरच्या आडनावानेच लिहायला सांगितलं.

दोन हजार सालानंतर मी बायको-मुलीला मस्कतला आणलं आणि अल् घुब्रात फ्लॅट घेतला. एका सुट्टीत देवरुखला गेलो असताना सहज तहसील कचेरीत जाऊन जुनं कोतवाल बुक बघायला मागितलं. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहीत. मला माझ्या पणजीचं नाव हवं होतं. घरात ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कारकुनाने मोडी वाचणारा एक निवृत्त मास्तर गाठून दिला. पणजी सापडली. पणजोबांचं नाव, पुढे 'याची बायको', आणि मृत्यूचं कारण ताप.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तिला सगळे काकीच म्हणत," आत्या म्हणाली. "तिच्या माहेरचे पुढे मुंबईला गेले. त्यांना ठाऊक असेल."

"ते कुठे असतात आता?"

"ते कुणाला माहीत?"

मस्कतला परतल्यावर मुलीच्या शाळेतल्या प्रोजेक्टसाठी आम्ही आमचा वंशवृक्ष काढला. पणजीच्या चौकोनात मी 'काकी' लिहिलं. "बाबा, हे नेम आहे की रिलेशन?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, "आपल्याकडे एवढंच आहे."