पाव तास

माझी बायको सुमन गेली त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिच्या बोटावरचं, फार कमी आकडा दाखवणारं ऑक्सिजन मोजायचं यंत्र झटकलं, "हे बिघडलंय" म्हणाले आणि आम्हाला घरी पाठवलं. संध्याकाळी ती गेली.

काल गाडी गॅरेजमध्ये नेली. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा दोष आला.

"बदलून टाका," मी म्हणालो.

"सर, सगळे आधी त्या बिचाऱ्यालाच काढून फेकतात," गाडीखाली सरकत मेकॅनिक सलीमभाई म्हणाले. "पाव तास द्या. तोवर वाचत बसा तुमचं पुस्तक."

त्यांनी सायलेन्सरच्या थंड पाइपात हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यावर बुडबुडे आले.

"बघा! सेन्सर कुठं खोटं बोलत होता? चीर इथे आहे. इथून बाहेरची हवा आत शिरते, तेच तो सांगत होता."

त्या डॉक्टरांना इथे, ऑइलच्या डागांत गुडघ्यांवर बसवावं आणि हे बुडबुडे बघायला लावावेत, असं मला वाटलं. ते उठू लागले तर खांदा दाबून पुन्हा बसवावं. यंत्राचं म्हणणं तपासायला पाव तास पुरतो. सुमनसाठी त्यांनी तेवढाही दिला नाही.

सगळ्यांच्या आग्रहाखातर मी डॉक्टरांविरुद्धची तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला होता. घरी येऊन तो फाडला. तक्रार कायम आहे.