बोलका डबा

सुतार आपल्या साडूवर जळायचा, आणि तेही आतल्या आत नव्हे, चांगला धूर निघेपर्यंत. चर्चमधले बाक याच्या हातचे, वेदीपुढचा कठडा याचा. पण उपासना सुटली की घोळका जमायचा मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या साडूभोवती. "तुमचं काय बुवा, येशूही सुतारच, त्याच्याच धंद्यात आहात तुम्ही," असं म्हणून साडू पाठीवर थाप मारायचा. ती थाप सुताराला दिवसभर खुपायची.

त्यात साडूनं चर्चला डबा भेट दिला. आजवर अर्पणाची थैली बाकांवरून फिरायची. झाकली मूठ आत घालायची, उघडा हात बाहेर काढायचा. कुणी काय टाकलं ते देवाला ठाऊक. पण छप्पर गळत होतं, पाळकसाहेब टेकीला आले होते, त्यांनी डबा दाराशी ठेवून घेतला. फोनवरून पैसे पाठवले की डबा बाईच्या आवाजात आकडा सांगायचा. थैली अजून फिरायची, पण त्या बिचारीकडे बघतो कोण! पहिल्याच रविवारी डबा बोलला, "तीन हजार मिळाले." साडू मान खाली घालून उभा. ते नम्रपणाचं सोंग बघून सुताराच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सुताराकडे पाच हजार होते, पण ते बायकोच्या कानाच्या यंत्राचे. तिचा उजवा कान केव्हाच गेला होता, आता डावाही साथ सोडत होता. यंत्र मंगळवारी आणायचं ठरलं होतं. दुसऱ्याच्या कशाचाही हेवा करू नये, हे सुतारानं लहानपणीच पाठ केलं होतं. पण त्यात साडूचं नाव कुठं होतं?

पुढच्या रविवारी उपासना सुटली, सगळे दाराशी दाटले, आणि साडूचे चार हजार डब्यानं जाहीर केले. झालं! सुतारानं मागचापुढचा विचार न करता फोन पुढे केला.

"पाच हजार मिळाले," डबा खणखणीत बोलला.

सगळ्या माना वळल्या. साडूचं तोंड एवढंसं झालं. काय सांगावं, सुताराच्या जिवाला असं गार वाटलं!

बायको मात्र गोंधळून त्याच्याकडे बघत होती. आपला आवाज किती चढतो, हे तिला हल्ली कळत नसे.

"काय म्हणाला हो डबा? भाऊजींनीच दिले ना? किती दिले?"

दाराबाहेर निघालेले लोक थांबले.

"घरी सांगतो," तो पुटपुटला.

"अं?"

तो तिच्या डाव्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. तिनं मान हलवली. "अहो, जरा मोठ्यानं! मंगळवारनंतर नाही हो तुम्हाला असा घसा फोडायला लावणार." आणि ती हसली.

साडू ऐकत होता. पाळक ऐकत होते. सुताराचे कान लाल झाले, पण आता सुटका नव्हती.

"मी दिले!" तो ओरडला. "तुझ्या यंत्राचे!"

या वेळी तिला ऐकू आलं.